खांदेरीचा दिवा

अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर समुद्रात दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी आणि पलीकडचं खांदेरी. खांदेरीच्या टेकडीवर दीपगृह आहे. बँकेच्या नोकरीत काही वर्षं मी अलिबागला होतो, तेव्हा हा दिवा कितीदा तरी पाहिला. त्याचा इतिहास मात्र निवृत्तीनंतरच नीट वाचला.

मुंबई बंदराच्या वाटेवरच्या या बेटाचं महत्त्व शिवाजी महाराजांनी ओळखलं. १६७९ साली त्यांनी मायनाक भंडारी यांना तिथे किल्ला बांधायला पाठवलं. इंग्रजांना हे खपणं शक्यच नव्हतं. त्यांनी आरमार पाठवून बेटाची नाकेबंदी केली. त्यांची जहाजं मोठी, तोफा भारी. आपल्या होड्या लहान, पण उथळ पाण्यातून वल्हवत सहज निघणाऱ्या. रात्रीच्या काळोखात त्या इंग्रजांना चुकवून बेटावर रसद पोचवत आणि बांधकाम चालूच राही. दौलतखानही आरमार घेऊन मदतीला आला. १८ ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांचं 'डोव्ह' हे गलबत मराठ्यांच्या हाती लागलं. शेवटी १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी माघार घेतली. पुढे १७१८ साली त्यांनी पुन्हा हल्ला केला, पण कान्होजी आंग्र्यांच्या माणसांनी तोही परतवला.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि बेट इंग्रजांकडे आलं. मुंबईचा व्यापार वाढला, जहाजं वाढली आणि हेच खडक आता त्यांना भिववू लागले. म्हणून १८६७ साली, म्हणजे सुएझ कालवा खुला होण्याच्या दोन वर्षं आधी, इथे अष्टकोनी मनोरा उभा राहिला. ज्या बेटावर आपल्या लोकांनी काळोखाच्या आधाराने किल्ला राखला, तिथेच इंग्रजांना दिवा लावावा लागला!

एकदा कोळी बांधवांबरोबर वेताळाच्या दर्शनाला बेटावर जायचा योग आला. वेताळ हे त्यांचं मोठं श्रद्धास्थान. दीपगृहावरच्या कर्मचाऱ्याने पाणी दिलं. मी विचारलं, "इथे कंटाळा येत नाही का हो?" तो हसून म्हणाला, "साहेब, दिवा लागला तर कोणी विचारत नाही. एक रात्र विझू द्या, मग बघा!" आपल्या सोसायटीच्या कमिटीवर काम केल्यावर मला हे वाक्य पुरतं पटलं. पाणी आलं तर कोणी विचारत नाही!

१९९८ साली बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव देण्यात आलं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांमध्ये खांदेरीही आला. आनंदाची गोष्ट आहे. फक्त एकच वाटतं. आंग्र्यांचं नाव बेटाला मिळालं, महाराजांचं नाव तर घराघरात आहे, पण भर समुद्रात तोफांच्या माऱ्याखाली भिंत रचत राहिलेला मायनाक भंडारी किती जणांना ठाऊक आहे? नातवंडांना घेऊन अलिबागला जाल तेव्हा थळच्या किनाऱ्यावर जरूर थांबा. दिवा दाखवा आणि हे नावही सांगा.