आपले घराणे या गावात कधी आणि का आले? मराठवाड्यातील बौद्ध कुटुंबांनी जुनी नोंद शोधताना

अंबड तालुक्यात वडीगोद्री, शहागड या पट्ट्यातील बौद्ध वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एक अडचण पुन्हा पुन्हा दिसते. मुलीचा किंवा मुलाचा प्रवेश तोंडावर आलेला असतो, जात पडताळणीचा अर्ज भरायचा असतो आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा असतो. घर इथलेच, मतदान कार्ड इथले, सगळे गाव ओळखते. पण आजोबांचे किंवा पणजोबांचे नाव इथल्या दप्तरात निघत नाही. खूप विचारल्यावर घरातली म्हातारी माणसे सांगतात, "आपण मूळचे इथले नाहीत. तुझा पणजा तिकडून आला." तिकडून म्हणजे कुठून, कोणत्या साली आणि कशासाठी, हे मात्र सांगता येत नाही.

ही तारीख कुठून आली ते आधी पाहू. संविधान (अनुसूचित जाती) आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला. त्या दिवशी आपले पूर्वज जिथे कायम राहत होते, त्या भागाच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडून जातीचे प्रमाणपत्र घ्यावे, असा महाराष्ट्रातला सर्वसाधारण नियम आहे. पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. २००० चा जात प्रमाणपत्र कायदा तसे स्पष्ट म्हणतो. म्हणजे पणजोबांचे स्थलांतर ही घरात सांगायची नुसती गोष्ट राहत नाही, ती नातीच्या प्रवेशाशी जोडलेली असते.

बहुतेक तरुण थेट मूळ गावाचे नाव शोधायला लागतात. आमचे सांगणे थोडे वेगळे आहे. आधी कारण शोधा. पूर्वज का निघाले हे कळले की कोणत्या कार्यालयात कोणता कागद असू शकतो, हे बरेचसे कळते.

वतन, आजोळ आणि घरजावई

आपल्या समाजात १९५० पूर्वीच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण दुष्काळ असेल असे वाटते. प्रत्यक्षात वस्त्यांवर विचारले तर दोन कारणे जास्त ऐकू येतात, वतन आणि आजोळ. महारकीचे वतन गावाशी बांधलेले होते. गावकीची कामे वतनदार घरांमध्ये पाळीने वाटलेली असत आणि इनाम जमिनीचे तुकडेही तसेच वाटलेले असत. भावांची संख्या वाढली की वाटा पुरत नसे. मग एखादा भाऊ बायकोच्या गावी घरजावई म्हणून जाई. बाप लवकर वारला तर विधवा आई मुलांना घेऊन माहेरी येई आणि मुले मामाच्या गावचीच होत. अशा घराला नव्या गावात वतनात वाटा नसे, म्हणून तिथल्या वतनाच्या कागदात त्याचे नाव मिळत नाही. जुन्या गावच्या इनाम नोंदीत मात्र पणजोबाचे किंवा त्याच्या भावाचे नाव असू शकते.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयक मांडले होते, हे कार्यकर्त्यांना माहीत आहे. ज्या वतनातून त्यांना आपल्याला सोडवायचे होते, त्याच वतनाचा कागद आज अनेक घरांचा सर्वांत पक्का पुरावा ठरतो. विचित्र वाटते, पण तसेच आहे.

आडनावही बोलते. गावाच्या नावावरून पडलेले आडनाव साधारणपणे ते गाव सोडल्यावर चिकटते, कारण गावात राहणाऱ्याला त्या गावाच्या नावाने कोणी हाक मारत नाही. आडनावात एखादे गाव असेल तर आधी तिथे जा. पण एकाच नावाची गावे मराठवाड्यात पुष्कळ आहेत. म्हणून सोयरीक कोणत्या गावांशी होत आली, लग्नात भाऊबंद कुठून यायचे, कोणाचे सुतक पाळले जायचे, हे म्हाताऱ्या बायकांना विचारा. आमचा अनुभव असा की पुरुष जमिनीचे सांगतात आणि बायका नात्याचे, आणि शोधाला नाते जास्त उपयोगी पडते.

लग्न होऊन आलेल्या स्त्रीचा मुद्दा इथेच सांगतो. देशात स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह आहे, हे प्रत्येक जनगणनेत दिसते. तिची जात मात्र वडिलांच्या बाजूने सिद्ध करावी लागते. सासरचे कागद गोळा करून उपयोग नाही, माहेरचे आणा.

साल आठवत नसेल तर

"कोणत्या साली आलात?" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. "रझाकाराच्या आधी की नंतर?" असे विचारले की लगेच मिळते. मानमोडीची साथ म्हणजे १९१८. रझाकारांचा काळ १९४७-४८ आणि पोलीस ॲक्शन सप्टेंबर १९४८. धर्मांतर १४ ऑक्टोबर १९५६. मोठा दुष्काळ १९७२. आजी म्हणाली की आमच्या लग्नानंतर रझाकार आले, आणि लग्न याच गावात झाले, तर १९५० ला घर इथेच होते असे धरून शोध सुरू करता येतो.

रझाकारांच्या काळात पुष्कळ कुटुंबे जीव वाचवायला हलली. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी निवेदन काढून हैदराबाद संस्थानातील अस्पृश्यांना निजामाची बाजू घेऊ नका, असे बजावले होते. त्या दीड-दोन वर्षांत गेलेली काही घरे परतली, काही तिकडेच राहिली. अशा घरांना दोन्ही गावांत नोंद शोधावी लागते.

निजामकालीन दप्तर

गाव जागचे हलले नाही तरी पत्ता बदलतो. वडीगोद्री आधी हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आणि १ मे १९८१ ला जालना जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे जुन्या कागदावर "जिल्हा औरंगाबाद" दिसले तर तो दुसऱ्या गावचा आहे असे समजून बाजूला टाकू नका. काही जुनी दप्तरे अजून छत्रपती संभाजीनगरला आहेत, तिथेही अर्ज करावा लागतो.

निजामकाळातील कागद उर्दूत किंवा मोडीत असतात आणि त्यावर फसली साल असते. हैदराबादच्या फसली सालात ५९० मिळवा. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. जमिनीसाठी १९५४-५५ चे खासरा पत्रक मराठवाड्यात पायाभूत मानले जाते. ते १९५० नंतरचे असले तरी त्यातले नाव मागच्या कागदाकडे नेते. भूमिहीन घराने जन्म-मृत्यूची नोंद पाहावी, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. शाळेचा प्रवेश निर्गम उतारा आजोबांचा नसेल तर चुलत आजोबांचा पाहा. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नातेवाइकाची नोंद वंशावळीसह चालते, आणि त्याला वैधता प्रमाणपत्र मिळालेले असेल तर त्याचे वजन मोठे असते.

शेजारच्या अंतरवाली सराटीत २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी उपोषण झाले, जून २०२४ मध्ये वडीगोद्रीत ओबीसींच्या मागणीसाठी झाले. "निजामकालीन नोंदी" हा शब्द तेव्हापासून चहाच्या टपरीवर ऐकू येतो. त्या वादात इथे शिरत नाही. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी तहसीलांतले जुने गठ्ठे उघडले गेले आणि मोडी-उर्दू वाचणारे शोधले गेले, एवढे मात्र खरे. त्याच गठ्ठ्यांत आपलीही नावे आहेत. नक्कल मागायला आपणही जायला हवे.

जातीच्या रकान्यात काय लिहिले आहे, याने गोंधळू नका. एकाच घरात आजोबा "महार", वडील "नवबौद्ध", काका "हिंदू महार" आणि मुलगा "बौद्ध" असतो. राज्याने १९६० मध्ये नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० मध्ये झाला. मधल्या तीस वर्षांत काही पालकांनी सवलतीसाठी जुने नाव लिहिले, काहींनी हट्टाने बौद्ध लिहिले. वेगवेगळ्या नोंदी असल्या तर धर्मांतराचा हा काळ खुलाशात लिहून द्यावा.

१९५० नंतरची स्थलांतरे

ही आठवणीत ताजी असतात आणि अनेकदा चुकीच्या गावाकडे नेतात. जायकवाडीच्या पाण्याखाली पैठण, गंगापूर, नेवासा, शेवगाव भागातली गावे गेली. ती कुटुंबे पुनर्वसित गावाचे नाव सांगतात, पण १९५० ची नोंद बुडालेल्या गावाच्या दप्तरात असते आणि ते दप्तर बुडालेले नसते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने इकडे ऊस आला, अंकुशनगरला समर्थ कारखाना उभा राहिला, आणि ज्या भागातून माणसे कोयता घेऊन जात तिथेच बाहेरची माणसेही कामाला आली. मुकादमाची उचल घेऊन सहा महिने बाहेर राहणाऱ्या घरातील मुलांची नावे दोन-तीन शाळांत असतात. त्यातली पहिली शाळा कोणती, ते शोधा.

२७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. त्या वेळी गाव सोडून शहरात गेलेल्या घरांचे कागदही जळाले. अशा घरांनी पोलीस ठाण्यातील फिर्याद आणि तहसीलचा पंचनामा मागावा. त्यात घरमालकाचे नाव, जात आणि नुकसान लिहिलेले असते.

राज्याची हद्द ओलांडलेली असेल तर नियम वेगळा आहे. १९५० नंतर दुसऱ्या राज्यातून आलेल्याला त्याच्या मूळ राज्यातील जातीच्या आधारे इथले आरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात ठरवले. आदिलाबाद, निजामाबादकडून आलेल्या घरांनी ते १० ऑगस्ट १९५० च्या आधी आले की नंतर, हे सर्वांत आधी पक्के करावे. नक्कलेचा अर्ज कोणत्या राज्यात करायचा, ते त्यावरच ठरते.