पालखीच्या बिल्ल्यापासून ट्रकच्या लायसन्सपर्यंत

कोलकात्यातील नेमणुकीच्या काळात एकदा रात्री अकराच्या सुमारास बडाबाजारातील पोस्ता भागातून जाण्याचा प्रसंग आला. दिवसा शहराच्या मध्यभागात मालमोटारींवर निर्बंध असतात, त्यामुळे हा बाजार खऱ्या अर्थाने रात्रीच जागा होतो. ट्रकच्या रांगेत एमएच १५ अशी नाशिकची पाटी दिसली आणि मी सहज मराठीत चौकशी केली. चालक निफाड तालुक्यातला होता, कांदा घेऊन आला होता. धुळ्याहून पूर्वेकडे जाणाऱ्या ज्या रस्त्याला आपल्या खानदेश-विदर्भात अजूनही 'कलकत्ता हायवे' म्हणतात, त्याच रस्त्याने अठराशेच्या आसपास किलोमीटर. सोबत क्लीनर होता, दुसरा चालक नव्हता.

लायसन्स काढताना काय विचारले होते, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "पाट्या ओळखायला लावल्या, गाडी मागं घ्यायला लावली. सगळं बरोबर आलं. पण साहेब, सलग किती तास चालवायची आन् डोळा लागायला लागला तर काय करायचं, हे कुणी विचारलं नाही."

त्याचे हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. चालकाचा परवाना ही आपण एक साधी शासकीय बाब समजतो. परंतु शासन त्या कागदातून नेमके काय विचारत आले, याचा इतिहास पाहिला तर बराच बोध होतो. आणि तो पाहण्यासाठी कोलकात्याइतके योग्य शहर नाही.

मोटारी येण्याच्या कितीतरी आधी, १८२७ साली, कलकत्त्याच्या प्रशासनाने पालखी वाहणाऱ्या भोयांसाठी नियम केले. प्रत्येकाने परवाना घ्यावा, क्रमांकाचा बिल्ला बाळगावा आणि ठरवून दिलेल्या दरानेच भाडे घ्यावे. हे भोई प्रामुख्याने ओडिशातून आलेले होते. त्यांनी पालख्या खाली ठेवल्या आणि शहराची ये-जा अडली. आपल्या देशातील आरंभीच्या संपांमध्ये याची गणना होते. पालखीला चाके लावून घोडा जुंपण्याची कल्पना याच संपातून पुढे आली, असेही सांगतात. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्या बिल्ल्याचा भोयाच्या कौशल्याशी काही संबंध नव्हता. हा माणूस कोण आणि तक्रार झाली तर त्याला ओळखायचे कसे, एवढ्याच प्रश्नांचे ते उत्तर होते.

मोटारीचा परवानाही याच वळणाने आला. बंगालने १९०३ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९०४ मध्ये मोटारींसाठी कायदे केले. १९१४ मध्ये संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एक कायदा झाला. खुद्द इंग्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने परवाना सक्तीचा झाला, पण चालवण्याची सक्तीची परीक्षा यायला १९३५ साल उजाडले. बत्तीस वर्षे तेथे फी भरून परवाना मिळत होता. म्हणजे परवाना ही आधी नावांची नोंदवही होती. योग्यतेचे प्रमाणपत्र ती नंतर झाली.

कोलकात्याच्या इतिहासातील आणखी एक घटना मला याहून महत्त्वाची वाटते. उन्हाळ्यात भर दुपारी रेड्यांच्या गाड्या हाकू नयेत, असा हुकूम १९३० साली लागू करण्यात आला. हेतू भूतदयेचा होता आणि तो खोटा म्हणता येणार नाही. परंतु गाडीवानाची मिळकत फेऱ्यांवर अवलंबून होती. दुपारचे तास गेले की फेरी गेली आणि फेरी गेली की तेवढी मजुरी गेली. एप्रिलमध्ये गाडीवानांनी रस्त्यात गाड्या आडव्या लावल्या, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. मुक्या जनावराच्या विश्रांतीसाठी काढलेला हुकूम माणसांच्या जिवावर बेतला. कारण विश्रांतीलाही किंमत असते आणि ती कोणी चुकवायची, हे हुकूम काढणाऱ्यांनी ठरवले नव्हते. ती आपोआप सर्वांत दुबळ्यावर पडली.

यानंतर १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्यामागे रेल्वेला मोटारींच्या स्पर्धेपासून वाचवण्याची काळजीही मोठी होती, तरी त्याने दोन चांगल्या गोष्टी केल्या. चालकाच्या परीक्षेचा तपशील कायद्याच्या परिशिष्टात आला, आणि सलग पाच तास चालवल्यावर अर्धा तास विश्रांती, हे तत्त्व कायद्यात आले. पुढे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. तो कायदा २०२५ मध्ये नव्या श्रम संहितेत सामावला गेला.

सध्याचा कायदा १९८८ चा आहे आणि तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. मालवाहू वाहनासाठी वयाची वीस वर्षे पूर्ण हवीत आणि शिकाऊ परवान्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असायला हवा. प्राथमिक चाचणीत वाहतुकीची चिन्हे व नियम, अपघातानंतरची कर्तव्ये, फाटकवाला नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायची काळजी आणि जवळ बाळगायची कागदपत्रे हे विषय येतात. आठवी उत्तीर्ण असण्याची अट होती, ती २०१९ मध्ये काढली. मला तो निर्णय योग्य वाटतो. शाळेचा दाखला आणि रस्त्याचे ज्ञान या वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र मग रस्त्याचे ज्ञान तरी नीट तपासले पाहिजे.

ते ज्ञान कोणते? ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जातो. म्हणजे चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तेवढे अंतर संपलेले असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरायचे. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल केले किंवा ब्रेक सतत दाबून ठेवला, तर ब्रेक तापून ऐन वेळी दगा देतात. एअर ब्रेकच्या टाकीतला दाब पुरेसा झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. डाव्या बाजूला चाकाजवळचा सायकलवाला आरशात दिसेलच असे नाही, म्हणून वळण्याआधी थांबून खात्री करायची. आणि झोप इच्छाशक्तीने किंवा चहाने टळत नाही, ती घ्यावीच लागते.

चाचणीत ६० टक्के उत्तरे बरोबर आली की उमेदवार उत्तीर्ण होतो. प्रशासक म्हणून मला पडणारा प्रश्न असा, की उरलेली ४० टक्के कोणती? कागदपत्रांचा प्रश्न चुकला तर दंड होईल. फाटकाचा चुकला तर माणसे मरतील. गुणपत्रिकेत मात्र दोन्हींचा भार सारखाच. काही प्रश्न असे हवेत, की ते चुकले तर बाकी सारे बरोबर असूनही परवाना मिळू नये.

तरीही निफाडच्या त्या चालकाचा प्रश्न उरतोच. ब्रेकचे ज्ञान चालकाच्या डोक्यात असते, पण विश्रांती त्याच्या हातात नसते. कांदा नासणारा माल. तो लवकर पोचला तर फायदा व्यापाऱ्याचा आणि मालकाचा. जागरणाचा धोका मात्र चालकाचा आणि रस्त्याने जाणाऱ्या कोणा अनोळखी माणसाचा. ज्याचा फायदा त्याच्यावर खर्च नाही, ही अर्थशास्त्रातील जुनी अडचण आहे. देशात २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत गेली. जानेवारी २०२४ मध्ये, धडक देऊन पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेच्या तरतुदीविरुद्ध देशभर ट्रकचालकांनी चाके थांबवली, तेव्हा मला १८२७ चे भोई आणि १९३० चे गाडीवान आठवले. पळून जाणे समर्थनीय नाही. पण इतक्या वर्षांनंतरही आपला पहिला प्रश्न 'पकडायचे कोणाला' हाच राहिला, हेही खरे.

युरोपात साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास थांबावे लागते आणि गाडीतील यंत्र त्याची नोंद ठेवते. आपल्याकडे वेगळे यंत्र येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल आहे, फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. ट्रक कोणत्या टोलनाक्यावरून किती वाजता गेला, हे पथकराच्या वसुलीसाठी शासनाला मिनिटागणिक ठाऊक असते. त्या नोंदीला चालकाच्या परवान्याचा क्रमांक जोडला, तर कोण किती तास चाकावर आहे हे कळू शकेल. मात्र १९३० चा धडा विसरता कामा नये. मर्यादा ओलांडली म्हणून दंड करायचा तो मालकाला आणि माल पाठवणाऱ्याला. चालकाचे वेतन फेरीवर न ठेवता दिवसावर ठेवायचे. हे केले नाही, तर ही नोंद म्हणजे चालकाच्या गळ्यातला आणखी एक बिल्लाच ठरेल.

त्या रात्री त्याचा माल उतरायला पहाट होणार होती. झोपणार कधी, असे मी विचारले. परतीचे भाडे मिळेपर्यंत एक दिवस तरी मिळेल, असे तो म्हणाला. भाडे लवकर मिळावे अशी इच्छा व्यक्त करायला नेहमी आपली जीभ सरावलेली असते. त्या दिवशी मात्र मला तसे म्हणवले नाही.