यॅग-सिरियम फॉस्फर

निळ्या एलईडीचा काही प्रकाश शोषून त्याच्या बदल्यात पिवळा प्रकाश देणारा ऑक्साइड पदार्थ. यट्रियम, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांच्या स्फटिकात किंचित सिरियम मिसळून तो बनवतात. स्फटिकाची रचना गार्नेटची, म्हणजे तामडा या रत्नाच्या जातीची असते. ‘यॅग’ हे यट्रियम ॲल्युमिनियम गार्नेटचे लघुरूप. एलईडी बल्बचे दुधी टोपण काढले की आतल्या चकतीवर पिवळे ठिपके दिसतात. त्यांतला पिवळेपणा बहुधा याच कुळातल्या भुकटीचा असतो. त्या ठिपक्यांखालची मूळ एलईडी चिप पांढरा प्रकाश देतच नाही. तिचा निळा प्रकाश थोडा भुकटीतून तसाच बाहेर पडतो, उरलेल्याचा पिवळा होतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे भासतात.

हा पदार्थ दिव्यांसाठी शोधलेला नव्हता. नेदरलँड्समधील आइंटहोव्हन येथे फिलिप्सच्या प्रयोगशाळेत जी. ब्लासे व ए. ब्रिल यांनी 1967 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली, ती रंगीत दूरचित्रवाणीच्या एका विशिष्ट क्रमवीक्षण नळीसाठी. तेथे उजळून लगेच विझणारा फॉस्फर हवा होता, आणि सिरियमची चमक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या आत ओसरते. जपानमधील निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी 1993 मध्ये प्रखर निळा एलईडी सिद्ध केला, तेव्हा या भुकटीला तिचे खरे काम मिळाले. निचिया ही मुळात फॉस्फर बनवणारी कंपनी. तिने 1996 मध्ये निळी चिप व ही भुकटी एकत्र आणून पांढरा एलईडी बाजारात आणला. निळ्या एलईडीला 2014 चे नोबेल पारितोषिक लाभले व ते योग्यच होते. पण त्या निळ्या उजेडाचा वाचण्याजोगा उजेड करणाऱ्या भुकटीचे नाव सहसा कोणी घेत नाही, ही उणीव वाटते.

सिरियमच्या त्रिसंयुजी आयनात आतल्या 4एफ कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो. सुमारे 450 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश त्याला 5डी पातळीवर चढवतो. ही पातळी बाहेर उघडी असल्याने भोवतालचे आठ ऑक्सिजन अणू तिला खाली ओढतात, आणि गार्नेटमध्ये ही ओढ फार जोरदार असते. म्हणूनच इतर अनेक ऑक्साइडांत अतिनील वा निळा प्रकाश देणारे सिरियम येथे पिवळे उजळते. खाली उतरताना इलेक्ट्रॉनापुढे दोन जवळच्या पातळ्या असतात, त्यामुळे 550 नॅनोमीटरच्या आसपास रुंद पट्टा मिळतो. या रूपांतरात प्रत्येक प्रकाशकणाची सुमारे पाचवा हिस्सा ऊर्जा उष्णता होऊन जाते. भुकटी कितीही निर्दोष असली तरी हा तोटा टळत नाही. स्फटिक ताठ असल्यामुळे अणूंच्या थरथरीत आणखी ऊर्जा फारशी वाया जात नाही आणि दिवा तापला तरी उजेड टिकतो. यॅगची खरी थोरवी या ताठपणात आहे.

रूढ पद्धतीत ऑक्साइडांची पूड अभिवाहासह (वितळून अभिक्रिया सुलभ करणाऱ्या द्रव्यासह) 1500° से.च्या आसपास भाजतात. भट्टीत हायड्रोजनमिश्रित नायट्रोजन सोडावा लागतो, कारण सिरियम चतुःसंयुजी झाले की त्याचा 4एफ इलेक्ट्रॉन जातो व चमकही जाते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. सी. पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट दाखवली : धातूंची नायट्रेटे व युरिया यांचे द्रावण 500° से.ला तापवलेल्या भट्टीत ठेवायचे. ते उकळते, फेसाळते, पेट घेते आणि काही मिनिटांत फुललेली ऑक्साइड पूड हाती येते. शेतकरी ज्या युरियाची गोणी खांद्यावर वाहतो, तोच येथे इंधन होतो. नागपूर विद्यापीठातील पदार्थवैज्ञानिकांनी या ज्वलन पद्धतीने अनेक फॉस्फर तयार केले आहेत.

यॅगच्या उजेडात तांबडा रंग कमी पडतो, त्यामुळे तो थंड, निळसर वाटतो व त्वचा फिकट दिसते. यट्रियमच्या जागी थोडे गॅडोलिनियम घातले की उत्सर्जन तांबड्याकडे सरकते; ॲल्युमिनियमच्या जागी गॅलियम घातले तर हिरव्याकडे. घरातल्या ऊबदार उजेडासाठी मात्र यॅगबरोबर वेगळा तांबडा फॉस्फर मिसळतात.

सिरियमसारखा आयन ज्यात मिसळतात तो आधारद्रव्य-स्फटिक नव्याने शोधणे हे आज पीएच.डी.नंतरच्या अनेक संशोधकांचे काम आहे. पूर्वी ते बरेचसे भाजून पाहण्यावर चाले. नाकामुरा जेथे प्राध्यापक झाले, त्या कॅलिफोर्नियातील सँटा बार्बरा विद्यापीठात राम शेषाद्री यांच्या गटातील अशाच एका संशोधकाने 2013 मध्ये स्फटिकाचा ताठपणा गणिताने आधीच अजमावण्याची रीत मांडली. पुढे ह्यूस्टन विद्यापीठात स्वतःच्या गटासह त्याने ती यंत्र-अध्ययनाशी (मशीन लर्निंग) जोडली, आणि 2018 मध्ये सोडियम, बेरियम व बोरॉन यांचे एक ऑक्साइड हाती लागले. त्यात युरोपियम घातले की शोषलेल्या शंभर प्रकाशकणांमागे सुमारे 95 परत मिळतात. मात्र ते अतिनील प्रकाशाने चेतते व 416 नॅनोमीटरला जांभळट निळे उजळते; म्हणजे त्यापासून पांढरा दिवा करायचा तर हिरवा व तांबडा फॉस्फर सोबत घ्यावा लागतो.