मॅकबेथचा निवाडा

श्रोतेहो, शेक्सपिअरवर बोलण्याचा ह्या गृहस्थांना अधिकार काय, असे कोणाच्या मनात आले असेल तर ते वावगे नाही. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या गेटावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. 'मॅकबेथ' आम्हांला प्रथम भेटला तो वि. वा. शिरवाडकरांच्या १९५४ सालच्या 'राजमुकुट' ह्या रूपांतरातून. त्याच्या कितीतरी आधी 'काळ'कर्ते शि. म. परांजपे यांनी 'मानाजीराव' लिहून हीच कथा मराठीत आणली होती. मूळ इंग्रजी नाटक आम्ही चाळिशी उलटल्यावर, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले.

कथा बहुतेकांना ठाऊक आहेच. स्कॉटलंडचा शूर सरदार मॅकबेथ. तू राजा होशील, असे त्याला तीन चेटकिणी सांगतात. पत्नी त्याच्या मनातल्या हावेला धार लावते, आणि घरी पाहुणा आलेल्या वृद्ध डंकन राजाचा तो झोपेत खून करतो. राजाच्या खोलीतल्या दोन सेवकांना आधीच औषध घातलेले मद्य पाजलेले असते. त्यांच्या अंगाला रक्त फासले जाते, खंजीर त्यांच्याजवळ ठेवले जातात. सकाळी खून उघडकीस येताच मॅकबेथ त्या दोघांना ठार करतो. हे दोन सेवक श्रोत्यांनी ध्यानात ठेवावेत. त्यांच्याकडे आम्हांला परत यायचे आहे.

मग गुन्हा कोणाचा? चेटकिणींचा, बायकोचा, की त्याचा स्वतःचा? चारशे वर्षे हा खटला चालू आहे. १६११ साली सायमन फॉर्मन नावाच्या एका वैद्य-ज्योतिष्याने लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात हा प्रयोग पाहून टिपण केले. दोषाची चर्चा तो करीत नाही. हाताचे रक्त धुता जात नाही, राणी झोपेत चालत सर्व कबूल करते, आणि वैद्य तिचे शब्द टिपून घेतो, हे त्याने मुद्दाम नोंदवले. वैद्याच्या नजरेला वैद्य पडला! पुढे १७६५ साली डॉक्टर जॉन्सनने निकाल दिला की ह्या नाटकात स्वभावाचे बारकावे नाहीत, आणि राणीविषयी निव्वळ तिटकाराच वाटतो. परंतु सेरा सिडन्स ह्या नटीने १७८५ पासून लंडनच्या रंगभूमीवर तीच राणी गाजवली, आणि आपल्या टिपणांत लिहिले की ही स्त्री नाजूक, गोरी, कदाचित दुबळ्या शरीराचीही असावी. एकीकडे पंडित आणि दुसरीकडे ती भूमिका स्वतः अंगावर वागवणारी बाई. आम्ही बाईंच्या बाजूचे.

खरा कडाक्याचा मतभेद झाला तो देवडीवाल्यावरून. खून नुकताच झालेला आहे, दारावर धक्के बसताहेत, आणि दारू उतरत असलेला देवडीवाला अचकटविचकट बडबडत दार उघडायला येतो. १६६४ च्या सुमारास डॅव्हनंटने नाटकाची डागडुजी केली, तेव्हा चेटकिणींना गाणी आणि नाच मिळाले, पण देवडीवाल्याला डच्चू मिळाला. कोलरिजसारख्या थोर कवीलाही ही बडबड शेक्सपिअरची वाटेना. गर्दीसाठी दुसऱ्याच कोणी घुसडली असावी, असे त्याचे म्हणणे. उलट १८२३ साली डी क्विन्सीने एक निबंध लिहिला तो केवळ त्या दारावरच्या धक्क्यांवर. खुनाच्या वेळी जग थांबलेले असते. धक्के ऐकू येताच रोजचे माणसांचे जग पुन्हा चालू होते, आणि म्हणूनच आपल्या अंगावर काटा येतो, असे त्याने दाखवले. ज्याने पहाटेच्या पाळीचा भोंगा ऐकला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

मतभेद नेहमी शाईनेच लढले गेले असेही नाही. १८४९ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला मॅक्रेडी हा इंग्रज नट आणि फॉरेस्ट हा अमेरिकन नट यांच्या चाहत्यांत वैर पेटले. १० मे रोजी अ‍ॅस्टर प्लेसच्या नाट्यगृहात मॅक्रेडी मॅकबेथ करीत असता बाहेर हजारोंचा जमाव लोटला आणि लष्कराने गोळी चालवली. वीसहून अधिक माणसे मेली. नाट्यगृह अमीरउमरावांचे, मेलेले बहुतेक कामकरी.

आता आमच्या कचेरीतली गोष्ट. एका पावसाळ्यात आम्ही दर रविवारी सहकाऱ्यांना हे नाटक मराठीत सांगत वाचून दाखवले. वाद अगदी वरच्यासारखाच पेटला. लेथवरचा एक जण म्हणाला, बायकोनेच घात केला. पॅकिंग खात्यातल्या एक बाई उसळून म्हणाल्या, "खंजीर कोणाच्या हातात होता?" रात्रपाळीचे एक वयस्क वॉचमन मात्र गप्प होते. शेवटी त्यांनी विचारले, "त्या दोघा पहारेकऱ्यांची चौकशी झाली का हो?"

त्यांच्या प्रश्नाला इतिहास होता. एका कारखान्यात तांब्याची तार चोरीस गेली तेव्हा, जबाब घेण्याआधीच त्यांना घरी बसवले होते. त्यांची केस आम्हीच लढवली, आणि हरलो.

त्या रात्री आम्ही पुन्हा पुस्तक उघडले. शेक्सपिअरने कथा होलिनशेडच्या बखरीतून घेतली, परंतु खुनाचा तपशील तिच्यातल्याच दुसऱ्या एका राजाच्या, डफच्या, खुनावरून उचलला. तेथेही बायकोच्या चिथावणीने डॉनवाल्ड हा सरदार राजाला मारवतो आणि मग राजाच्या सेवकांनाच गुन्हेगार ठरवून कापून काढतो. इतिहासातला मॅकबेथ निराळा: त्याच्याशी झालेल्या लढाईत १०४० साली डंकन पडला, आणि मॅकबेथने पुढे सतरा वर्षे राज्य केले. बखरीत बँको हा मॅकबेथचा साथीदार आहे. नाटकात तो निष्पाप झाला, कारण गादीवर आलेला जेम्स राजा आपल्याला बँकोचा वंशज समजे. राजाच्या पूर्वजाला नाटककाराने सोडवले. सेवकांना सोडवणारा कोणी नव्हता.

तरी शेक्सपिअरने एक गोष्ट करून ठेवली आहे. मॅकबेथ सांगतो की संतापाच्या भरात मी त्या दोघांना मारले, आणि मॅकडफ सरळ विचारतो, का मारलेत? सबंध दरबारात एवढा एकच माणूस विचारतो. मॅकबेथ राजावरच्या प्रेमाचे लांबलचक भाषण करतो, आणि तेवढ्यात राणीला मूर्च्छा येते. ही मूर्च्छा खरी की सोंग, यावर टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे; १९०४ च्या ग्रंथात ब्रॅडलीने तर त्यावर स्वतंत्र टिपण जोडले. आम्ही वॉचमनना ते सांगितले. ते म्हणाले, "खरी असो नाहीतर खोटी, बाईकडे सगळे धावले ना? मग त्या दोघांचं काय झालं, ते वाचा."

आम्ही पुढचे पान उलटले. दरबारी कपडे चढवून पुन्हा जमायला निघाले होते.