साठ रुपयांचे पुस्तक आणि एक जुना प्रश्न

गेल्या पावसाळ्यात पुण्याला अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात हेन्री जॉर्ज यांचे ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ मिळाले. किंमत ६० रुपये. पुठ्ठा सुटलेला, पाने पिवळी पडलेली. माझे शिक्षण मराठी माध्यमातले, त्यामुळे शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला महिना लागला.

जॉर्ज म्हणजे काही विद्यापीठातले पंडित नव्हेत. १८३९ साली फिलाडेल्फियात जन्म, लहानपणीच शाळा सुटली. १८५५ मध्ये जहाजावर पोऱ्या म्हणून निघाले ते मेलबर्नहून आपल्या कलकत्त्यापर्यंत आले होते. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम केले. १८६५ साली दुसरे मूल झाले तेव्हा घरात खायला नव्हते. त्यांनी रस्त्यात एका अनोळखी गृहस्थाकडे पाच डॉलर मागितले. असा माणूस गरिबीवर लिहितो तेव्हा ते पुस्तकी राहत नाही.

त्यांचा प्रश्न साधा आहे. रेल्वे आली, यंत्रे आली, शहरे वाढली, मग गरिबी का हटत नाही? त्यांचे उत्तर असे की प्रगती झाली की जमिनीचे मोल वाढते, आणि कष्टाने वाढलेली मिळकत खंड-भाड्याच्या रूपाने जमीनमालकाकडे जाते. म्हणून इतर कर काढून टाकावेत आणि जमिनीच्या मोलावरच कर बसवावा. १८७९ मध्ये पुस्तक निघाले आणि पुढे जगभर गेले.

माझ्या प्रतीत आधीच्या कोणा वाचकाने एकाच ठिकाणी पेन्सिलीने रेघा ओढल्या आहेत. ते प्रकरण हिंदुस्थानातील दुष्काळांबद्दल आहे! लोकसंख्या फार वाढली म्हणून लोक उपाशी मरतात, हे माल्थसचे म्हणणे जॉर्ज तिथे खोडून काढतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या लेखाचा दाखला देऊन ते सांगतात की सावकार आणि दिवाणी न्यायालये यांच्या कचाट्यात रयत गुलाम झाली आहे. जॉर्ज हे लिहीत होते त्याच सुमारास, १८७६ ते ७८ मध्ये, आपल्या दख्खनेत मोठा दुष्काळ होता. दक्षिण हिंदुस्थान धरून ५० लाखांहून अधिक माणसे दगावल्याचा अंदाज आहे.

इथे मला माझा वर्ग आठवला. मी इतिहास शिकवायचो. या दुष्काळाचे कारण एका ओळीत लिहून द्यायचो : पाऊस पडला नाही. एकदा एका मुलाने विचारले, “गुरुजी, सोलापूरपर्यंत आगगाडी होती ना? मग धान्य का नाही आणलं?” मी म्हणालो, “परीक्षेत एवढं विचारत नाहीत. बस खाली.”

आज उत्तर देता येईल. आगगाडी होती, पण धान्य जिथे पैसा मिळेल तिकडे जाते. दुष्काळातही हिंदुस्थानातून गहू परदेशी जात होता. गरिबांच्या खिशात पैसा नव्हता. सरकारने दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला सुमारे अर्धा किलो धान्य आणि वर एक आण्यापर्यंत खाली आणली, तेव्हा मजुरांनी काम सोडले. सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. गावोगावची उपासमार पाहून वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केले तेही १८७९ मध्येच. पुढे १८८३ साली जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला.

जॉर्ज यांचा एकच कर सगळ्या दुखण्यांवर औषध ठरेल असे मला वाटत नाही. आपल्याकडे जमिनीच्या जोडीला जातही आहे, आणि ती या पुस्तकाने सुटत नाही. पण दुष्काळ आकाशातून पडतो आणि उपासमार माणसे घडवतात, हा फरक या पुस्तकाने मला सत्तरी उलटल्यावर समजावला.

त्या मुलाचे नाव आता आठवत नाही. तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायचा. प्रश्न बरोबर होता, त्याला खाली बसवले ते माझे चुकले.