तंजावरचे छत्र आणि एकच गोळी

औषध शोधून काढणे ही वैद्यकाची अर्धी कामगिरी होय. ते औषध दिवसामागून दिवस रोग्याच्या पोटात जाणे, ही उरलेली अर्धी. या उरलेल्या अर्ध्या कामगिरीचा इतिहास पाहू लागले की कावेरीच्या मुखाजवळच्या भातशेतांनी वेढलेल्या तंजावरापाशी थांबावे लागते.

दुसरे सरफोजी महाराज १७९८ साली तंजावरच्या गादीवर आले. त्यांच्या धन्वंतरी महालात माणसांसाठी आणि जनावरांसाठीही औषधे तयार होत. तेथे पारखलेले उपाय तमिळ पद्यात बांधले गेले. पद्य मुखोद्गत होते आणि गावच्या वैद्याला पोथी उघडावी लागत नाही. राज्यातील छत्रांत वाटसरूंना अन्न मिळे, आणि कोणी आजारी पडला तर तो बरा होईपर्यंत औषध व पथ्याचे जेवण मिळे. ओरत्तनाडु येथील मुक्तांबा छत्र १८०२ सालचे. औषधाबरोबर ते देणारा हातही असावा लागतो, हे त्या व्यवस्थेला कळले होते.

पुढे याच प्रांतात हा प्रश्न शास्त्राच्या कसोटीस लागला. १९५६ साली मद्रासेत क्षयोपचार केंद्र निघाले. आरोग्यधामातील रोगी आणि घरी राहून औषध घेणारे गरीब रोगी यांची तेथे तुलना झाली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: घरच्या उपचाराचे फळ आरोग्यधामाच्या जवळजवळ बरोबरीचे होते. मात्र घरी गोळ्या नियमाने घेतल्या जातात की नाही, हे पाहण्यासाठी लघवी तपासावी लागे, अचानक घरी जाऊन गोळ्या मोजाव्या लागत.

क्षयाचा रोगी निदान खोकतो तरी. रक्तदाब पुष्कळदा काहीच बोलत नाही. शेतावर राबणाऱ्या माणसाला बरे वाटू लागले की सकाळ-संध्याकाळच्या चार गोळ्यांपैकी दोन सुटतात, पुढे चारही सुटतात. आणि एके दिवशी अर्धांगवायू दार ठोठावतो.

यावर एक साधा उपाय सुचला: अनेक औषधे एकाच गोळीत घालावीत. भारतातील ५० केंद्रांत २,०५३ व्यक्तींवर झालेल्या अशा गोळीच्या परीक्षेचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. तीत रक्तदाबाची तीन औषधे, रक्तातील मेद उतरविणारे एक आणि ॲस्पिरिन होते. २०१३ साली भारत व युरोपातील २,००४ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकत्रित गोळी मिळालेल्यांपैकी ८६ टक्के रोगी अखेरीस औषधे नियमाने घेत होते; नेहमीच्या उपचारात हे प्रमाण ६५ टक्के होते. जे आरंभी अनियमित होते, त्यांच्यात ही तफावत ७७ आणि २३ अशी पडली. रक्तदाबातील उतार मात्र बेताचाच होता. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा गोळ्यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले.

या गोळीला मर्यादाही आहेत. एका औषधाचे प्रमाण कमीजास्त करावयाचे झाले, किंवा एकच घटक मानवेनासा झाला, तर सारी गोळी बदलावी लागते. शिवाय गोळी एक असली तरी ती गावात पोहोचली पाहिजे. तमिळनाडूत २०२१ साली सुरू झालेल्या योजनेने रक्तदाबाची व मधुमेहाची औषधे रोग्यांच्या घरी नेऊन देण्याचे काम आरंभले. छत्रात रोगी औषधापाशी येई. आता औषध रोग्यापाशी जाऊ लागले. गोळी अनेकांची एक झाली, तरी ती देणारा हात त्याच गोळीत मिसळता येत नाही.