पंधरा वर्षांची अट

मागच्या भागात आपण इटलीच्या आघाडीवरच्या मराठा पलटणींबद्दल बोललो. यशवंत घाडगे, नामदेव जाधव, त्यांचे व्हिक्टोरिया क्रॉस, सगळं झालं. त्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, ‘जे जिवंत परत आले, त्यांच्या म्हातारपणीच्या दवाखान्याचा खर्च कुणी केला?’ आजचा भाग त्या प्रश्नावर.

माझे एक चुलत आजोबा होते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. सातारा जिल्ह्यातले. १९४२ मध्ये भरती झाले, १९४६ मध्ये घरी आले. आमच्या आळीत एक निवृत्त सुभेदार राहायचे. त्यांच्या खिशात ईसीएचएसचं कार्ड असायचं, तात्यांच्या नाही. मी एकदा विचारलं, तुम्ही तर महायुद्धात होता, मग तुमचं कार्ड कुठाय? तात्या म्हणाले, "त्याची पंधरा भरली, माझी चारच."

म्हणजे काय, ते आता बघू.

जखमी सैनिकाची जबाबदारी घ्यायला हवी, हे इंग्रज सरकारला कळत नव्हतं असं नाही. पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी सैनिकांना हातचं काम शिकवायला १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज संस्था निघाली, ती पुढे खडकीला आली. दुसरं महायुद्ध चालू असतानाच, १९४४ मध्ये, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. हात-पाय गेलेल्यासाठी काहीतरी सोय होती. त्याला अपंगत्वाची पेन्शनही मिळू शकत होती.

पण धडधाकट परत आलेल्याचं काय? १९३९ मध्ये दोन लाखांच्या आसपास असलेली हिंदी फौज १९४५ पर्यंत २५ लाखांवर गेली होती. युद्ध संपल्यावर यातल्या बहुतेकांना घरी पाठवलं. शिपायाला पेन्शन बसायला साधारण १५ वर्षांची नोकरी लागते. युद्धच सहा वर्षांचं, तर युद्धापुरता भरती झालेल्याची १५ भरणार कशी?

पुढे स्वतंत्र भारतात केंद्र सरकारी नोकरांसाठी १९५४ मध्ये सीजीएचएस ही आरोग्य योजना आली. माजी सैनिकांसाठी तशी योजना बराच काळ नव्हती. लष्करी रुग्णालयात जागा आणि औषध असेल तर उपचार व्हायचे, कारण तिथे पहिला हक्क नोकरीत असलेल्या जवानाचा. लांबच्या खेड्यात राहणाऱ्या पेन्शनरला त्याऐवजी औषधपाण्याचा भत्ता घेता यायचा, महिना १०० रुपये. आता १०० रुपयांत हृदयाचं ऑपरेशन कसं करायचं, सांगा!

१ एप्रिल २००३ ला ईसीएचएस सुरू झाली. एकदाच वर्गणी भरायची, मग आयुष्यभर स्वतःचे, बायकोचे आणि अवलंबून असलेल्यांचे उपचार. १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना ती वर्गणीही माफ. आधी पॉलिक्लिनिकमध्ये जायचं, गरज पडली तर तिथून चिठ्ठी घेऊन यादीतल्या खासगी रुग्णालयात. बिल सरकार भरणार. या बिलांना उशीर होतो म्हणून रुग्णालयं कुरकुरतात, हे आपण बातम्यांत वाचतो. तरी खेड्यातल्या फौजी कुटुंबांना या योजनेने मोठा आधार दिला, हे मान्यच करायला पाहिजे.

फक्त एक मेख होती. सभासद व्हायला माजी सैनिक असणं पुरेसं नव्हतं, पेन्शन लागायची. त्यामुळे १९४६ मध्ये ज्या अटीने तात्यांना पेन्शन नाकारली, तीच २००३ मध्ये दवाखान्याच्या दारात पुन्हा आडवी आली.

ही अट सैल झाली ७ मार्च २०१९ ला. केंद्रीय मंत्रिमंडळाने दुसऱ्या महायुद्धातले सैनिक, आणीबाणीच्या काळात घेतलेले अधिकारी, शॉर्ट सर्व्हिसवाले आणि मुदतीआधी निवृत्त झालेले यांनाही योजनेत घेतलं. ४० हजारांहून अधिक लोकांना फायदा होईल, असा सरकारी अंदाज होता.

आता हिशोब करा. १९४५ मध्ये अठरा वर्षांचा असलेला पोरगा २०१९ मध्ये ९२ वर्षांचा.

खर्चाची बाजूही मांडतो. ईसीएचएससाठी २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात ६,९६८ कोटी रुपये होते, २०२५-२६ मध्ये ८,३१७ कोटी. आकडा वाढतोय, आणि कुठेतरी रेघ मारावी लागते हे कुठलंही सरकार म्हणणार. पण रेघ कशावरून मारायची? आपण नोकरीची वर्षं मोजली. ती वर्षं कुठे काढली, हे मोजलं नाही. शांततेत छावणीत काढलेली पंधरा चालली, महायुद्धात काढलेली चार चालली नाहीत.

तात्या २०११ मध्ये गेले. गुडघ्यांच्या गोळ्या शेवटपर्यंत घरच्या पैशातून आणल्या. त्यांनी कधी तक्रार केली नाही, आम्हीही कधी विचारलं नाही. आज विचारावंसं वाटतं.

तुमच्या घरात, गावात असे कुणी पेन्शन नसलेले फौजी होते का? आठवणी जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.